दातातील 'चांदी' आणि तिचे पांढरे पर्याय : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील मागील पिढीच्या माणसाजवळ किडलेल्या दाढेचा विषय काढला, तर 'चांदी भरून घेतली' किंवा 'सिमेंट भरले' यांपैकी एक उत्तर मिळते. दोन्ही शब्द व्यवहारात रुळलेले असले, तरी दोन्ही अपुरे आहेत. जिला चांदी म्हटले जाते त्या अमाल्गममध्ये वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो. आणि ज्याला सिमेंट म्हटले जाते ते दाताच्या रंगाचे भरण आज बहुतेक वेळा सिमेंट नसून कृत्रिम राळ व काचेची बारीक भुकटी यांचे मिश्रण, म्हणजे कॉम्पोझिट असते. पाऱ्याचा उच्चार लोकभाषेने टाळला, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासाला साजेशीच आहे.

धातूचे भरण विषारी व कुरूप ठरले म्हणून मागे पडले आणि निर्धोक व सुंदर असे पांढरे भरण पुढे आले, अशी या स्थित्यंतराची सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्ष घटनाक्रम तिला दुजोरा देत नाही. रुग्णाच्या शरीराला अपाय केल्याचा आरोप अमाल्गमवर तीन वेळा झाला आणि तिन्ही वेळा ते व्यवसायात टिकून राहिले. त्याची अखेर घडली ती तोंडाबाहेर, नद्या आणि समुद्रातील पाऱ्याच्या प्रश्नामुळे. दुसरीकडे, पांढऱ्या द्रव्यांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या रंगात नसून ती दाताला चिकटतात यात आहे. प्रस्तुत निबंधात या दोन्ही प्रवाहांचा मागोवा घेतला आहे.

सोने, पारा आणि पहिला वाद

पाऱ्यात धातू कालवून तयार केलेल्या लगद्याने दात भरण्याची कल्पना प्राचीन आहे. इ. स. ६५९ मधील चीनच्या तांग राजवटीतील औषधिग्रंथात अशा रौप्यलेपाचा निर्देश सापडतो. युरोपात मात्र ही पद्धत एकोणिसाव्या शतकात नव्याने आली. पॅरिस येथील ओग्युस्त ताव्हो यांनी १८२६ च्या सुमारास चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात मिसळून त्याचा दंतभरणासाठी उपयोग केला. त्या काळी प्रतिष्ठित दंतवैद्याचे द्रव्य म्हणजे सोन्याचा वर्ख. तो थराथराने दाबून व ठोकून बसवावा लागे. त्यासाठी वेळ, कौशल्य आणि रुग्णाची सहनशक्ती या तिन्हींची गरज असे. पैशाची तर असेच.

१८३३ मध्ये क्रॉकूर बंधू युरोपातून न्यूयॉर्क येथे आले आणि 'रॉयल मिनरल सक्सिडेनियम' अशा भारदस्त नावाखाली त्यांनी अमाल्गम विकण्यास प्रारंभ केला. नावात पारा नव्हता. कीड न काढता, दात न कोरता दोन मिनिटांत लगदा दाबून बसवावयाचा, अशी त्यांची रीत होती. अनेक दात अर्थातच बिघडले. परंतु सुशिक्षित दंतवैद्यांचा रोष केवळ या हलगर्जीपणावर नव्हता. याच सुमारास अमेरिकेत दंतवैद्यक हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहत होता : १८३९ मध्ये त्याचे नियतकालिक, तर १८४० मध्ये बाल्टिमोरचे दंतमहाविद्यालय आणि 'अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स' ही संघटना स्थापन झाली. कोणालाही वापरता येईल असे स्वस्त द्रव्य हे या नवजात व्यवसायाच्या प्रतिष्ठेवरच आलेले संकट होते.

संघटनेने १८४० च्या दशकाच्या मध्यास सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याचे प्रतिज्ञापत्र घेण्यास सुरुवात केली. वापरणाऱ्यांवर गैरवर्तनाचा ठपका ठेवण्यात आला. परिणाम उलटा झाला. अनेकांनी सही करण्यास नकार दिला, सभासदसंख्या घटली, १८५० मध्ये प्रतिज्ञापत्र मागे घ्यावे लागले आणि १८५६ मध्ये संघटनाच विसर्जित झाली. पाऱ्याच्या विषारीपणाचा प्रश्न या वादात उपस्थित झाला होता खरा, पण तो सोडविण्याचे मोजमाप त्या वेळी कोणाजवळच नव्हते. वाद मिटला तो विज्ञानाने नव्हे; सोन्याचा खर्च न झेपणाऱ्या बहुसंख्य रुग्णांनी तो मिटविला, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

ब्लॅक यांचे मोजमाप आणि त्याची किंमत

अमाल्गमला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली ती इलिनॉय प्रांतातील ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी. औपचारिक शिक्षण अल्प असलेल्या या दंतवैद्याने चर्वणाचा दाब मोजणारे उपकरण तयार केले, आणि अमाल्गम घट्ट होताना किती आकुंचन-प्रसरण पावते, दाबाखाली किती पसरते, हे अत्यंत सूक्ष्मपणे मोजले. १८९५-९६ च्या सुमारास त्यांनी प्रसिद्ध केलेले मिश्रधातूचे प्रमाण, सुमारे दोन तृतीयांश चांदी, त्याखालोखाल कथिल आणि अल्पसे तांबे व जस्त, पुढे सुमारे सत्तर वर्षे या व्यवसायाचा आधार राहिले.

तथापि ब्लॅक यांच्या कार्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. अमाल्गम दाताला चिकटत नाही. ते केवळ अडकून राहते. म्हणून त्यासाठी कोरलेला खड्डा आत रुंद व तोंडाशी अरुंद करावा लागतो, आणि भरण तुटू नये म्हणून त्याला पुरेशी खोलीही द्यावी लागते. याखेरीज शेजारच्या खाचांत पुन्हा कीड लागू नये म्हणून त्या निरोगी असल्या तरी खड्ड्यात समाविष्ट कराव्यात, असे ब्लॅक यांचे तत्त्व होते. तांदळाएवढ्या किडीसाठी निरोगी दाताचा मोठा भाग खर्ची पडे. वीस-पंचवीस वर्षांनी भरण शाबूत आणि त्याच्या कडेची दाताची भिंत मात्र तडकलेली, हे दृश्य दंतवैद्यांच्या चांगलेच परिचयाचे आहे. भरण किती टिकले याचा हिशेब ठेवला गेला. दात किती टिकला, याचा फारसा नाही.

अमाल्गमच्या टिकाऊपणामागे एक मौजेचे कारणही होते. ते तोंडात हळूहळू गंजते, आणि गंजाचे कण भरण व दात यांमधील बारीक फट बुजवितात. धातूचा दोषच येथे गुण ठरला. एखादी जुनी खिडकी धुळीने आपोआप हवाबंद व्हावी, तसाच हा प्रकार होता.

दरम्यान पाऱ्यावरील दुसरा आरोप जर्मनीतून आला. रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांना प्रयोगशाळेतील पाऱ्याच्या वाफेमुळे स्वतःलाच दीर्घकाळ त्रास झाला होता. १९२६ मध्ये त्यांनी या वाफेच्या धोक्याविषयी लिहिताना दातातील अमाल्गमकडेही बोट दाखविले. जर्मनीत मोठी चर्चा झाली, परंतु दंतवैद्यकाचा व्यवहार बदलला नाही.

चिकटण्याचा शोध

दाताच्या रंगाचे भरण हवे, ही इच्छा जुनीच होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिलिकेट सिमेंट समोरच्या दातांसाठी प्रचारात आले. दिसावयास ते उत्तम, परंतु लाळेत ते झिजत व विरघळत असे. विरघळताना त्यातून फ्लोराइड बाहेर पडे आणि भरणाभोवती पुन्हा कीड क्वचितच लागे, हा त्याचा अनपेक्षित लाभ होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ॲक्रिलिक राळ आली. ती घट्ट होताना इतकी आकसे की कडेने फट पडे आणि भरणाखाली दात काळा होई.

खरे वळण आले ते १९५५ मध्ये. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मायकेल बुऑनोकोर यांनी कारखान्यांतील एक साधी रीत दंतवैद्यकात आणली. धातूच्या पत्र्यावर रंग नीट धरावा म्हणून त्यास आधी फॉस्फोरिक आम्लाने धुतले जाई. बुऑनोकोर यांनी तेच आम्ल, ८५ टक्के तीव्रतेचे, दाताच्या इनॅमलवर ३० सेकंद लावले. इनॅमलचा गुळगुळीत पृष्ठभाग सूक्ष्म छिद्रांनी खडबडीत झाला आणि राळ त्यात शिरून घट्ट धरून राहिली. भरण अडकविण्यासाठी दात कोरण्याची अपरिहार्यता येथे प्रथमच संपली.

या शोधाला योग्य द्रव्य मिळवून दिले राफाएल बोवेन यांनी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत काम करणाऱ्या या दंतवैद्याने बिस-जीएमए नावाची राळ तयार केली. तिचे रेणू मोठे असल्याने ती तुलनेने कमी आकसे. शिवाय तीत सिलिकाची भुकटी रासायनिक दुव्याने बांधलेली होती. १९६२ मध्ये तिचे एकस्व नोंदले गेले. लंडन येथील सरकारी रसायनतज्ज्ञांच्या प्रयोगशाळेत ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी १९६९ च्या सुमारास ग्लास आयोनोमर हे दुसरे द्रव्य सिद्ध केले. ते दाताला रासायनिक रीत्या चिकटते व फ्लोराइडही देते, पण चर्वणाच्या दाबाखाली कॉम्पोझिटइतके टिकत नाही. आतील ओलसर डेंटिनला राळ चिकटविणे अधिक कठीण होते. त्या दिशेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या ताकाओ फुसायामा यांनी केलेले कार्य प्रथम पाश्चात्त्य देशांत शंकेने पाहिले गेले. याच काळात निळ्या प्रकाशाने काही सेकंदांत घट्ट होणारी कॉम्पोझिटे प्रचारात आली.

यानंतर भरणाचा आकार किडीने ठरू लागला, द्रव्याने नव्हे. हा बदल रंगाच्या बदलापेक्षा कितीतरी मोठा आहे. जाहिरातींत मात्र रंगच दिसतो.

तिसरा आरोप आणि दोन चाचण्या

१९७० च्या दशकाच्या अखेरीस चर्वणाच्या वेळी अमाल्गममधून पाऱ्याची वाफ निघते, हे संवेदनक्षम उपकरणांनी दाखविले. डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवरील '६० मिनिट्स' या कार्यक्रमाने हा विषय घरोघरी नेला. अनेकांनी शाबूत भरणे काढून घेतली. वास्तविक भरण कोरून काढतानाच वाफ अधिक निघते.

या वेळी मात्र मोजमाप उपलब्ध होते. लिस्बन येथील कासा पिया शाळांतील ८ ते १० वर्षे वयाच्या ५०७ मुलांची सात वर्षे, आणि अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील ५३४ मुलांची पाच वर्षे पाहणी करण्यात आली. अमाल्गम की कॉम्पोझिट, हे चिठ्ठीपद्धतीने ठरविले होते. २००६ मध्ये दोन्हींचे निष्कर्ष एकत्रच प्रसिद्ध झाले. अमाल्गम असलेल्या मुलांच्या लघवीत पारा किंचित अधिक आढळला. स्मृती, अवधान, बुद्ध्यंक आदी कसोट्यांत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता.

लिस्बनच्या चाचणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली, जिची चर्चा त्यामानाने कमी झाली. सात वर्षांअखेर अमाल्गमची ९४.४ टक्के भरणे टिकली होती, तर कॉम्पोझिटची ८५.५ टक्के. कॉम्पोझिटभोवती पुन्हा कीड लागण्याचा धोका सुमारे साडेतीन पट होता. कॉम्पोझिट घट्ट होताना घनफळाने दोन ते तीन टक्के आकसते, आणि ती फट बुजविण्यास येथे गंज नाही. ते भरताना दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो, थर देत प्रत्येक थरावर प्रकाश टाकावा लागतो. लाळेचा एक थेंबही काम बिघडवितो. अमाल्गम या बाबतीत क्षमाशील होते. त्या चाचणीतील द्रव्यांपेक्षा आजची द्रव्ये सुधारलेली आहेत, हे लक्षात घेऊनही, कुशल हात, वीज आणि वेळ यांच्याशिवाय पांढरे भरण आपले गुण दाखवीत नाही, हे कायम राहते.

मिनामाताचा निर्णय

अमाल्गमचे भवितव्य ठरले ते जपानमधील मिनामाता या किनारी गावाच्या नावाने झालेल्या करारात. रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथिल पारा माशांतून माणसांच्या शरीरात गेल्याने तेथे जी भीषण व्याधी पसरली, तिची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. त्या दुर्घटनेचा दंतभरणाशी काहीही संबंध नव्हता. परंतु दवाखान्याच्या नाल्यात जाणारा अमाल्गमचा चुरा आणि दहनानंतर धुरातून हवेत जाणारा पारा शेवटी त्याच निसर्गचक्रात मिसळतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये मिनामाता करार स्वीकारला गेला व १६ ऑगस्ट २०१७ पासून तो अमलात आला. भारताने त्यावर २०१४ मध्ये स्वाक्षरी केली आणि जून २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली. करारातील पारायुक्त वस्तूंपैकी अनेकांना बंदीची मुदत देण्यात आली; दंत-अमाल्गमला मात्र प्रारंभी 'हळूहळू कमी करावे' एवढीच सौम्य अट होती. त्याचे कारण वरील टक्केवारीत आहे : स्वस्त पर्याय सर्वत्र उपलब्ध नव्हता.

नॉर्वेने २००८ मध्ये व स्वीडनने २००९ मध्ये अमाल्गमचा वापर थांबविला होताच. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून काही अपवाद वगळून तो बंद केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत करारातील देशांनी २०३४ पर्यंत अमाल्गम पूर्णतः बंद करण्याचे ठरविले.

ज्या दवाखान्यात कोरड्या दाताची व निळ्या प्रकाशाची खात्री देता येत नाही, तेथे ग्लास आयोनोमर हाच पर्याय उरतो. १९८० च्या दशकात टांझानियात विजेविना, केवळ हातातील उपकरणांनी कीड खरवडून हे द्रव्य भरण्याची पद्धत विकसित झाली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. एका पृष्ठभागापुरत्या लहान खड्ड्यांत ती चांगली टिकते. दाढेच्या दोन-तीन बाजू व्यापणाऱ्या मोठ्या खड्ड्यांत नाही. आणि उशिरा दवाखान्यात येणाऱ्या गरीब रुग्णाचा खड्डा बहुधा मोठाच असतो. त्याच्यासाठी १८३३ मध्ये सोने परवडत नव्हते. २०३४ नंतर त्याच्या दाढेत काय भरले जाईल आणि त्याचा खर्च कोण करील, हे कराराच्या मजकुरात ठरलेले नाही. तोवर भरली गेलेली 'चांदी' मात्र पुढील कित्येक दशके लोकांच्या तोंडात राहणारच आहे. कारण करार नव्या भरणाला लागू आहे, जुन्याला नाही.