मुलांची मोजदाद : गिरणगाव ते रत्नागिरी



कामगार संघटनेचा माणूस मुलाबाळांच्या आकडेवारीवर काय बोलणार, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. मी पदवीधर नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, कामे उरकल्यावर. परंतु कामगारांच्या पगाराचे हिशेब तपासता तपासता एक गोष्ट मला कळून चुकली. ज्याचा हिशेब केवळ दुसऱ्याच्या वहीत असतो, त्याला आपले दुखणे सिद्ध करता येत नाही. मुलांच्या बाबतीतही तेच आहे.

तरुणांसाठी शिबिरे, व्यायामशाळा, अभ्यासिका आणि कौशल्यवर्ग काढण्याचा उत्साह आज सर्वत्र दिसतो. तो चांगलाच आहे. पण पुष्कळदा पैसा खर्च होतो आणि हाती काही लागत नाही, कारण ज्या मुलांसाठी हे सारे काढले ती कशी जगतात हे आधी कोणी मोजलेले नसते. ही मोजदाद कशी करावी आणि झाल्यावर तिचे काय करावे, ह्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच माणसांच्या घरांतून होते.

मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्यांचा गट सर्वांत मोठा होता. बोटीने उतरावे, गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकावी आणि गिरणीच्या भोंग्यावर उठावे, असा तो क्रम. ह्या वस्तीत १९११ साली नारायण मल्हार जोशी ह्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले हे गृहस्थ. लीगने रात्रीच्या शाळा चालविल्या, वाचनालये उघडली, दवाखाने काढले. परळचे दामोदर नाट्यगृह, जेथे आपल्या कोकणातल्या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या नाटके केली, ते ह्याच लीगचे. परंतु एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सामाजिक वस्तुस्थिती गोळा करून तिचा अभ्यास करणे हेही लीगच्या उद्देशांत होते. म्हणजे सेवा आणि मोजदाद ही त्यांनी वेगळी मानली नाहीत.

आता १९२१ सालाकडे या. त्या वर्षी मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आतल्या सुमारे ६६६ मुलांचे मृत्यू नोंदले गेले. आकडा ऐकून अंगावर काटा येतो. पण हिशेबनिसाने येथे थोडे थांबले पाहिजे. कामगारांच्या पुष्कळ बायका बाळंतपणासाठी गावी जात आणि मूल घेऊन परत येत. जन्म गावच्या दप्तरात आणि मृत्यू मुंबईच्या, असे होई. शिवाय शहरात झालेले सर्व जन्मही नोंदले जात नसत. भाजक लहान झाला म्हणजे भागाकार फुगतो. तेव्हा तो आकडा जसाच्या तसा खरा नव्हता. तथापि खोटाही नव्हता, हे त्याची फोड केल्यावर दिसले. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण हजारी ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, आणि चार वा अधिक खोल्यांत १३३ होते. एवढी मोठी दरी केवळ नोंदीतल्या चुकीने पडत नाही.

ह्या फोडीचे महत्त्व पुढच्या गोष्टीवरून ध्यानात येईल. १९२१ मध्येच मुंबई सरकारने कामगार कचेरी उघडली, आणि तिच्या वतीने डॉक्टर बार्न्स नावाच्या बाईंनी गिरण्यांतल्या स्त्रियांची पाहणी केली. १९२२ मध्ये त्यांचा अहवाल छापून आला. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या शंभरांतल्या ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी लिहिले. बाजारात तिला बाळगोळी म्हणत. आता हा एवढाच आकडा घेतला तर सुशिक्षित माणूस काय म्हणेल? आया अडाणी आहेत, निष्काळजी आहेत, त्यांना उपदेश करा, म्हणजे झाले. पण ह्या आकड्याशेजारी खोल्यांचा आकडा ठेवा. कामगारांच्या खर्चाची जी पाहणी १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली तिच्यात शंभरांतली ९७ कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले, तेही शेजारी ठेवा. त्या बाईला दिवसभर गिरणीत उभे राहायचे आहे, घरी मूल पाहायला कोणी नाही, खोलीत वारा नाही. मग ती मुलाला झोपवून जाते. दोष आईकडून निघून पगार, भाडे आणि कामाचे तास ह्यांच्याकडे गेला. एकट्या आकड्याने गरिबाला गुन्हेगार ठरविणे सोपे असते. दुसरा आकडा जवळ ठेवला की तोच साक्षीदार होतो.

आणि त्या साक्षीचा उपयोग झाला. १९२४ मध्ये ना. म. जोशी ह्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आणले. १९२५ मध्ये ते फेटाळले गेले. पुढे रा. स. आसवले ह्यांनी मुंबई कौन्सिलात तसेच बिल आणले. १९२८ मध्ये त्याच्या बाजूने डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांचे घराणे आपल्याच जिल्ह्यातल्या आंबडव्याचे. १९२९ साली कायदा झाला. बाळंतपणाच्या मागेपुढे मिळून सात आठवड्यांपर्यंत रोज आठ आणे मिळण्याची तरतूद त्यात होती. आज ती तुटपुंजी वाटेल, पण हिंदुस्थानातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा होय.

मात्र ह्या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती झाकणे बरे नाही. पुढल्या दशकांत गिरण्यांतून स्त्रियांची संख्या घटत गेली. कारणे अनेक होती. बाईला कामावर ठेवणे महाग पडते हा मालकांचा हिशेब त्यांपैकी एक. कायदा झाला आणि मोजणारे थांबले. घरी बसलेल्या बायकांच्या मुलांचे काय झाले, ह्याची वही कोणी उघडली नाही. कार्यक्रम सुरू झाला की मोजणी संपली असे मानणे, ही आमच्या चळवळीचीही चूक होती.

मी स्वतः ती चूक केली आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी आमच्या युनियनने एका वस्तीत कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका काढली. बाके आणली, दिवे लावले, पुस्तके जमविली. मुले मात्र आली नाहीत. पालकांना शिक्षणाची आच नाही, असा ठपका मी भर सभेत ठेवला. तेव्हा मागून एक बाई उठली आणि म्हणाली, "भाऊ, मी कामावरून आठला येते. तोवर माझी थोरली धाकट्याला घेऊन बसते. ती तुमच्याकडे येणार कधी?" मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या रविवारपासून आम्ही वही घेऊन घरोघर गेलो. आई किती वाजता येते, धाकटे मूल कोण सांभाळते, पाणी कोण भरते, शाळा सुटली असेल तर कोणत्या इयत्तेत, एवढेच विचारले. त्या वस्तीला आधी पाळणाघर हवे होते, अभ्यासिका नंतर. पाळणाघर झाले, अभ्यासिकेची वेळ बदलली, आणि मुली येऊ लागल्या.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आणि शास्त्रशुद्ध रीतीने गडचिरोलीत झाली. डॉक्टर अभय आणि राणी बंग ह्यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. त्यांनी ३९ गावांत आधी जन्म आणि मृत्यू नीट नोंदविले, प्रत्येक बाळ कशाने गेले हे घरी जाऊन विचारले, आणि मग गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण तेथे हजारी ६२ होते. ते १९९८ पर्यंत २५ च्या आसपास आले. २००१ मध्ये राज्यातल्या १३ संस्थांनी मिळून बालमृत्यू मोजले आणि 'कोवळी पानगळ' हा अहवाल लोकांपुढे ठेवला. सरकारी दप्तरात नोंदलेल्याहून प्रत्यक्ष मृत्यू फार अधिक आहेत, असे त्यात दिसले. गदारोळ झाला. २००५ मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ मिशन सुरू केले. दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये शेकडा ३९ होते. २०१२ च्या पाहणीत ते २३ वर आले. हे श्रेय एकट्या कोणाचे नव्हे. पण आधी आकडा कबूल करावा लागला, हे खरे.

तान्ह्या बाळांवरून आता मोठ्या मुलांकडे येऊ. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम' ह्या संस्थेने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी चालविली. मूल शाळेत जाते का एवढे विचारून ती थांबली नाही. दुसरीच्या पुस्तकातला उतारा मुलापुढे ठेवून वाचायला सांगितला. आणि मोजणारे कोण? बहुधा त्याच जिल्ह्यातली तरुण मुलेमुली. २०२३ मध्ये १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी २८ जिल्ह्यांत झाली, तेव्हा चौघांपैकी एकाला आपल्याच भाषेतला दुसरीचा मजकूर सहज वाचता आला नाही. अशा मुलासाठी संगणकवर्ग काढून काय उपयोग? आधी वाचनवर्ग हवा. हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आता आपल्या रत्नागिरीकडे वळतो. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग पहिला येतो, ह्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण निकाल परीक्षेला बसलेल्यांचा लागतो. त्याआधी गळालेल्यांचा नाही. आंबाबागांत राखणीला नेपाळहून कुटुंबे येतात, बंदरावर परगावचे खलाशी येतात. त्यांची मुले कोणत्या वहीत आहेत? आणि उत्तीर्ण झालेल्यांचे पुढे काय? २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. राज्य वाढत असता आपण घटलो. २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, ह्याचा अर्थ पुरुष बाहेर गेले होते. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून त्यानंतरचे चित्र आपणच काढावयाचे आहे.

माझी सूचना साधी आहे. एका वाडीपासून किंवा एका वॉर्डापासून आरंभ करावा. अंगणवाडीत वजनाची नोंद आहे, शाळेत हजेरी आहे. त्यांत आपले चार प्रश्न घालावेत. इतिहासाने शिकविलेले तीन नियम पाळावेत. पहिला, आकडा फोडून पाहावा : खोलीप्रमाणे, धंद्याप्रमाणे, मुलगा-मुलगीप्रमाणे. दुसरा, ज्यांचे मोजले त्यांच्या सभेत तो आधी वाचून दाखवावा. मुलांची नावे मात्र कुलुपात ठेवावीत, फळ्यावर बेरीज लिहावी. तिसरा, कार्यक्रम सुरू झाल्यावर वर्षाने पुन्हा त्याच घरी जावे.

आणि ही मोजणी कॉलेजातल्या मुलामुलींकडून करवावी. तरुणांसाठी काय करावे असे आपण विचारतो. त्यांच्या हाती वही देऊन शेजारच्या वस्तीत पाठविणे हाच पहिला कार्यक्रम होऊ शकेल. जो विशीत एका घराचा उंबरा ओलांडून तिथल्या मुलाचे जेवण आणि झोप विचारून आला, तो पुढे कोणत्याही खुर्चीवर बसला तरी त्या घराला विसरणार नाही.

गिरणगावच्या त्या एका खोलीत आपलीच पोरे गेली. त्यांच्यासाठी वही उघडली गेली ती फार उशिरा, आणि मिटली गेली फार लवकर. आपण ती आज पुन्हा उघडू या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.