पॉवर स्टीअरिंग काढणे

मोटारगाडीच्या सुकाणूला इंजिनाकडून किंवा विजेच्या मोटरकडून मिळणारी मदत कायमची बंद करून ते फक्त हाताच्या बळावर चालेल असा बदल करणे. हा बदल कारखान्यात होत नाही. गाडीचा मालक किंवा गावातला मिस्त्री तो करतो. परदेशात तो मुख्यतः हौसेखातर आणि शर्यतीसाठी होतो, तर भारतात दुरुस्तीचा खर्च टाळण्यासाठी. त्यामुळे भारतात काम बहुधा अर्धवटच सोडले जाते, आणि त्यातले बहुतेक दोष या अर्धवटपणातूनच येतात.

पूर्वेतिहास : पीअर्स-ॲरो या अमेरिकी कंपनीतील अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने १९२६ मध्ये द्रवदाबावर चालणारे साहाय्यक सुकाणू गाडीवर बसवून दाखविले. विक्रीच्या मोटारीत ते १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पिरिअलवर आले. मधल्या काळात ते दुसऱ्या महायुद्धातील चिलखती वाहनांत वापरले गेले. विजेच्या मोटरचे साहाय्य १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत प्रथम आले.

रचना : द्रवचालित प्रकारात इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो. लहान गाड्यांत हा दाब जास्तीत जास्त दर चौ. सेंमी.ला ७० ते १०० किलोपर्यंत जातो. तेल जाड पाइपातून रॅकच्या, म्हणजे चाकांना वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या, तोंडाशी असलेल्या फिरत्या झडपेत येते. झडपेच्या पोटात पोलादाचा एक बारीक पीळदांडा असतो. चालकाने सुकाणूचे चाक फिरवले की आधी हा दांडा किंचित पिळतो, त्या पिळाने झडप उघडते आणि रॅकवरच्या दट्ट्याच्या योग्य बाजूला तेल सोडते. म्हणजे सुकाणूत थोडी ढील मुद्दामच ठेवलेली असते. ती नसेल तर हाताचा जोर किती आणि कोणीकडे हे झडपेला कळणार नाही. मदत चालू असताना ही ढील जाणवत नाही, मदत काढली की तीच पहिली जाणवते. पीळदांडा तुटला तरी चाकाशी संबंध राहावा म्हणून त्याच्याभोवती ठराविक अंशांनंतर अडणाऱ्या खाचा असतात. मदत काढलेल्या गाडीत हाताचा बराचसा जोर या खाचांवरूनच जातो.

सुमो, जुनी बोलेरो यांसारख्या सांगाड्यावरच्या गाड्यांत रॅकऐवजी स्टीअरिंग बॉक्स असतो. तत्त्व तेच, फक्त दट्ट्या, झडप आणि दाते एकाच पेटीत बसवलेले असतात. ही पेटी उघडून बदल करणे गावातल्या गॅरेजचे काम नाही.

पद्धती : सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट पद्धत म्हणजे पंपाचा पट्टा काढून टाकणे. पंप आवाज करू लागला, ऑइल सील गळू लागले किंवा दाबाचा पाइप फुटला की हे पाच मिनिटांत उरकता येते. गाडी चालते, पण सुकाणू मुळात बिनमदतीच्या गाडीपेक्षाही जड होते. कारण असे की, रॅकमध्ये तेल आणि दट्ट्या दोन्ही तसेच असतात. चाकाला जोर दिला की झडप नेहमीप्रमाणे वळते आणि दट्ट्याच्या मोठ्या होणाऱ्या बाजूला तेल बंद पडलेल्या पंपातून ओढावे लागते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा ओढावा, तसा हा प्रकार. तेल गळून गेले असेल तर अडथळा कमी होतो, पण आतली सील कोरडी पडतात, दट्ट्या नळीत घासतो आणि पुढे कधी मदत पुन्हा सुरू करायची म्हटली तर रॅकच बदलावा लागतो. बहुतेक मालकांना हा दुसरा खर्च आधी कोणी सांगत नाही.

पट्टा काढण्यापूर्वी तो आणखी काय फिरवतो हे पाहणे आवश्यक असते. काही इंजिनांत तोच पट्टा अल्टरनेटर किंवा पाण्याचा पंपही फिरवतो. तिथे पट्टा काढला तर गाडी काही मैलांत तापते किंवा बॅटरी उतरते. म्हणून आखूड पट्टा किंवा पंपाच्या जागी रिकामी फिरणारी पुली लावावी लागते. पंपावर दाबाची जाणीव देणारा स्विच असतो. उभ्या गाडीत चाक वळवले की तो इंजिनाला थोडा वेग वाढवायला सांगतो. पंप काढल्यावर त्याची तार उघडी ठेवू नये, एवढेच.

दुसरी पद्धत दट्ट्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना जोडण्याची. पंप, टाकी आणि दाबाचे पाइप काढून रॅकच्या नळीवरची डावी-उजवी दोन तोंडे एका आखूड पाइपाने एकमेकांना जोडतात. मग दट्ट्याच्या एका बाजूचे तेल किंवा हवा दुसऱ्या बाजूला सहज जाते. तेल काढून आत थोडे वंगण ठेवतात. जड जाणे बरेच कमी होते, पीळदांड्याची ढील मात्र तशीच राहते.

तिसरी, पूर्ण पद्धत म्हणजे रॅक गाडीबाहेर काढून उघडणे. दट्ट्यावरचे सील-कडे काढून टाकतात, त्यामुळे तो नळीला घासत नाही. झडपेचा आतला आणि बाहेरचा भाग एकमेकांना वेल्डिंगने जोडून ढील संपवतात, रॅकच्या दात्यांत ग्रीस भरतात, नळीवरची तोंडे बुचांनी बंद करतात. वेल्डिंगचा मुद्दा वादाचा आहे. चाकापासून टायरपर्यंतचा संबंध ज्या जोडावर अवलंबून असतो त्यालाच ताप देणे धोक्याचे, असे एक मत. ढील राहू देणे अधिक धोक्याचे, असे दुसरे. दोन्ही मतांना आधार आहे. कडक केलेल्या पोलादाला वेल्डिंगच्या उष्णतेने ठिसूळपणा येऊ शकतो आणि जोडाच्या आतली चीर वरून दिसत नाही. एवढ्या कारणावरून हे काम साध्या गॅरेजच्या वेल्डिंगवर सोपवू नये.

या तिन्हींपेक्षा चांगला मार्ग भारतीय बाजारानेच ठेवला आहे. इथे एकाच गाडीच्या खालच्या श्रेणीत पॉवर स्टीअरिंग नसे आणि वरच्या श्रेणीत असे. इंडिका आणि आल्टो यांच्या मूळ प्रकारांत हाताचेच सुकाणू होते. बोलेरो पिकअपच्या नावातली ‘पीएस’ ही अक्षरे हाच फरक सांगतात. त्यामुळे त्याच मॉडेलचा कारखान्यात बनलेला बिनमदतीचा रॅक किंवा बॉक्स, त्याच्या जुळणाऱ्या टाय रॉडसह, पूर्ण बदलून बसवता येतो. त्याचे दातेही वेगळ्या प्रमाणात असतात. मदतीच्या रॅकला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाकाचे सुमारे तीन फेरे लागत असतील, तर हाताच्या रॅकला साडेतीन-चार लागतात. तेवढ्या प्रमाणात सुकाणू हाताला हलके पडते. पॉवर रॅकचीच मदत काढली तर फेरे कमीच राहतात आणि जोर मात्र वाढतो. कोणत्याही मार्गाने काम केले तरी शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे लागते.

चाकांचा कोन : मदतीच्या गाड्यांना कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या आसाचा मागे झुकलेला कोन, जास्त दिलेला असतो. तो सरळ धावताना स्थिरता देतो आणि वळणावर चाकाला परत सरळ आणतो; पण मदत काढली की तोच कॅस्टर हाताला जड पडतो. रुंद टायर आणि कमी हवा यांनी त्यात भर पडते. जागेवर उभ्या गाडीत चाक वळवणे सर्वांत कठीण असते. गाडी पावलाच्या गतीने जरी पुढे सरकली तरी जोर एकदम कमी होतो, म्हणून बिनमदतीची गाडी चालवणारे जुने चालक उभ्या गाडीत चाक वळवत नसत. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ७९ नुसार मोटारीच्या सुकाणूला १५० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे १५ किलोंच्या भारापेक्षा जास्त जोर लागू नये. मदत बंद पडल्यावर ही मर्यादा दुप्पट आहे. ही दुप्पट मुभा अचानक आलेल्या बिघाडात गाडी बाजूला घेता यावी म्हणून आहे, रोजच्या वापरासाठी नाही.

इंधन व वजन : पंप, टाकी, पाइप आणि तेल मिळून साधारण आठ-दहा किलो वजन कमी होते. द्रवचालित पंप गाडी सरळ जात असतानाही इंजिनाची शक्ती खात राहतो, त्यामुळे तो काढल्यावर इंधनात थोडी बचत होते. मोठ्या इंजिनांत ती जाणवत नाही.

विद्युत् प्रकार : नव्या गाड्यांत पंप नसतो. सुकाणूच्या दांड्यावर किंवा रॅकवर मोटर असते आणि ती गरजेपुरतीच वीज घेते. इंधन वाचवण्याचे कारण इथे उरत नाही. फ्यूज काढला की मदत बंद होते, पण मोटर आणि तिचे दाते दांड्याला जोडलेलेच राहतात आणि चाकाबरोबर ओढले जातात. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला राहतो. ज्या गाडीत घसरण रोखणारी प्रणाली आहे तिला सुकाणूच्या कोनाची माहिती लागते. ती मिळाली नाही तर ती प्रणालीही थांबू शकते. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाल्यामुळे जोर कमी करण्यासाठी मोठ्या व्यासाचे सुकाणूचे चाक लावण्याची जुनी युक्तीही बंद झाली. या प्रकारात काढाकाढी करूच नये.

महाराष्ट्रातील वाहने : कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पॉवर स्टीअरिंग नव्हते, आणि मुंबईच्या टॅक्सीचालकांच्या पिढ्या त्यावरच गेल्या. पुण्यात आखलेली टाटा नॅनो २००९ मध्ये बिनमदतीची आली. इंजिन मागे, पुढचे टायर जेमतेम १३५ मिमी. रुंद आणि गाडीचे वजन सुमारे ६०० किलो, त्यामुळे तिचे सुकाणू हातानेही हलके होते. तरीही खरेदीदारांना मदत हवी होती. जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या नॅनो ट्विस्टमध्ये विजेचे साहाय्य देण्यात आले. बाजाराचा कल बसवण्याकडे आहे, काढण्याकडे नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. ताडोबा, टिपेश्वर येथे जंगलसफारीत दिसणाऱ्या मारुती जिप्सीचेही असेच. जड सुकाणू ही तिची जुनी तक्रार, आणि तिच्यावर होणारा बदल पॉवर स्टीअरिंग बसवण्याचा.

ट्रक-बससाठी पॉवर स्टीअरिंग बनविणारी झेडएफ स्टीअरिंग गिअर ही कंपनी १९८१ मध्ये स्थापन झाली. वढू बुद्रुक (ता. शिरूर, जि. पुणे) येथे तिचा कारखाना आहे. वाहनांच्या चाचण्या घेणारी आणि त्यांना प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. मालकाने घरी केलेला बदल मात्र तिच्यापर्यंत कधी जात नाही.

मुकुटबन परिसर : गळतीमुळे पट्टा काढण्याची वेळ कशी येते याचे हे एक उदाहरण. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील हे गाव माजरी–आदिलाबाद लोहमार्गावर वणीच्या पुढे आहे. आसपास कोळसा आणि चुनखडी. बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना येथे २०२२ मध्ये सुरू झाला. अवजड वाहतूक, धूळ आणि विदर्भाचा उन्हाळा या तिन्ही गोष्टी द्रवचालित सुकाणूला मारक आहेत. उन्हाने रबरी पाइप कडक होतात. रॅकच्या टोकाचे रबरी बूट फाटले की कोळशाची आणि सिमेंटची धूळ आत शिरून सील खाते. पट्टा काढण्याची पाळी येते ती बहुधा अशाच गळतीतून. पण त्यानंतर बुटांकडे कोणी पाहत नाही. तेल नसलेल्या रॅकला धुळीपासून वाचवणारे तेवढेच एक आवरण असते.

खड्ड्यांच्या रस्त्यावर आणखी एक अडचण. मदतीच्या रॅकमधले तेल चाकाला बसणारे धक्के बरेचसे पचवते. ते गेले की खड्ड्याचा झटका थेट चालकाच्या हातात येतो. अंगठे सुकाणूच्या चाकाच्या आरीत अडकवून धरण्याची सवय अशा गाडीत सोडावी लागते, नाहीतर अंगठा मुरगळतो. कोळसा वाहणाऱ्या टिपरांच्या बाबतीत हा विषय येतच नाही. त्यांच्या पुढच्या आसावर सहा-सात टन भार असतो आणि मदतीशिवाय तो हाताने वळवणे शक्य नसते. शेतीच्या ट्रॅक्टरांत मदतीचे आणि हाताचे असे दोन्ही प्रकार चालतात.

क्रीडावापर : अमेरिकेत पहिल्या पिढीच्या माझदा मियाटावर हा बदल विशेष होतो. रस्त्याची जाणीव हाताला नीट मिळते, हे त्यामागचे कारण.

कायदा : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर सुकाणूचा प्रकार लिहिलेला नसतो, त्यामुळे हा बदल या कलमात कितपत बसतो याबद्दल एकवाक्यता नाही. अपघातानंतर विमा कंपनी मात्र तो मुद्दा काढू शकते. त्याच मॉडेलच्या खालच्या श्रेणीतला कारखान्याचा रॅक बसवला असेल तर बाजू मांडणे सोपे जाते.

तपासणीत प्रत्यक्ष उपयोगी पडतो तो केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९८. सुकाणू चांगल्या स्थितीत असावे आणि चाकातील ढील ३० अंशांपेक्षा जास्त नसावी, असे तो सांगतो. बॉल जॉइंटवर रबरी टोप्या आणि जोडांचे बोल्ट पक्के अडकवलेले असणेही त्यात येते. झडपेची उरलेली ढील आणि झिजलेल्या टाय रॉड एंडची ढील यांची बेरीज होते. व्यापारी वाहनाला योग्यता प्रमाणपत्रासाठी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, तर खाजगी गाडीला पंधरा वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणावेळी ही तपासणी द्यावी लागते. मुकुटबनच्या वाहनांची नोंदणी यवतमाळला, एमएच-२९ या क्रमांकाखाली होते.