ज्योतीचे राखणदार

नवरात्रात आमच्या गंगाखेडच्या घरी देवापुढे अखंड दिवा असे. नऊ दिवस आणि नऊ रात्री तो तेवता ठेवायचा, आणि त्याच्यावर नजर ठेवायची ती आजीने. रात्री दोन-तीनदा उठून ती समईत तेल घाली. वातीवरची काजळी झाडण्यापूर्वी मात्र ती त्याच ज्योतीवरून शेजारचे लहान निरांजन लावून घेई. काजळी झाडताना मोठा दिवा गेलाच, तर धाकट्यावरून तो पुन्हा लावता यावा. एकदा वाऱ्याची झुळूक आली आणि मी ओरडलो, "आजी, दिवा विझला!" तिने चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "विझला म्हणू नये रे. शांत झाला म्हणावं."

पुढे माझे सारे आयुष्य ज्योती पाहण्यातच गेले. पण त्या देवघरातल्या नव्हेत, कारखान्यांतल्या. बॉयलरच्या बर्नरवर ज्योतीची राखण करणारी यंत्रे बसवणे आणि तपासणे हा माझा धंदा. त्या धंद्याने मला शिकवले ते आजीच्या शिकवणीच्या नेमके उलट. भट्टीतली ज्योत विझली, तर ती विझली असे त्याच क्षणी आणि मोठ्याने म्हणता आले पाहिजे. या एका शब्दासाठी माणसाने केवढी खटपट केली, आणि तो शब्द वेळेवर न उच्चारल्यामुळे माझ्या हातून काय घडले, त्याची ही हकीकत.

आमच्या भागाला वाफेची खरी ओळख झाली ती आगगाडीने. निजामाच्या राज्यातून हैदराबादहून मनमाडकडे जाणारी मीटरगेज १९०० साली सुरू झाली आणि पूर्णा, परभणी, मानवत, सेलू ही गावे रुळांवर आली. माझे थोरले काका पूर्णेला फायरमन होते. फावड्याने कोळसा टाकायचा, फायरबॉक्सचे दार उघडून निखाऱ्यांचा रंग पाहायचा आणि धुराड्यातल्या धुरावरून आगीची प्रकृती ओळखायची, हे त्यांचे शास्त्र. "कोळसा एकदम विझत नाही, तो आधी रुसतो," असे ते म्हणत. बोलणे गमतीचे वाटेल, पण त्यात मोठे तथ्य होते. कोळशाच्या थरात आग भरून राहिलेली असते. ती मंदावते, काळवंडते, आणि माणसाला सावध व्हायला अवधी देते.

तेलाची आणि वायूची गोष्ट तशी नाही. तेथे इंधन तोटीतून फवारत येते आणि हवेत जळते. तेलात पाण्याचा एक घोट आला, किंवा हवा कमीजास्त झाली, की ज्योत निमिषात नाहीशी होते. फवारा मात्र चालूच राहतो. भट्टीच्या विटा अजून लाल असतात. तेलाचे धुके आणि हवा यांचे मिश्रण काही क्षणांत भट्टीभर साचते आणि तापलेल्या विटेवर पेट घेते. मग ती आग राहत नाही, तो स्फोट होतो. १ फेब्रुवारी १९९९ रोजी अमेरिकेत डिअरबॉर्न येथे फोर्ड कंपनीच्या वीजगृहात एका बॉयलरच्या भट्टीत न जळलेला वायू साचून असाच भडका उडाला आणि सहा कामगार प्राणास मुकले. बॉयलर तेव्हा दुरुस्तीसाठी बंद करीत होते. म्हणजे ज्योत नव्हती, पण वायू येत होता.

महाराष्ट्रात तेलावर चालणारे लहान, आटोपशीर बॉयलर फैलावले ते प्रामुख्याने १९६० नंतर. १९६६ साली सुरू झालेली वॉन्सन कंपनी, जी १९८० पासून थरमॅक्स या नावाने ओळखली जाते, तिचा वाटा यात मोठा. आमच्या शेजारी, परळी वैजनाथला, औष्णिक वीजकेंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ साली चालू झाला. त्या केंद्राला पाणी जाते ते परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यातील खडक्याच्या बंधाऱ्यातून. अशी केंद्रे चालतात कोळशावर, पण त्यांचीही भट्टी पेटवायची ती आधी तेलाच्या बर्नरने. तेव्हा ज्योतीवर नजर ठेवण्याचा प्रश्न गिरणीपासून वीजगृहापर्यंत सर्वांचाच झाला. काकांच्या डोळ्यांनी हे काम होण्यासारखे नव्हते. ज्योत गेल्यावर एक ते चार सेकंदांत तेल बंद व्हायला हवे, आणि फायरमन तेवढ्यात चहाचा पेलासुद्धा खाली ठेवू शकत नाही.

पहिला यांत्रिक राखणदार होता दोन धातूंच्या जोडपट्टीचा. ती धुराड्यात बसवीत. ताप लागला की पट्टी वाके आणि निवली की सरळ होई. पण धुराडे निवायला वेळ लागतो. ज्योत जाऊन मिनिट होत आले, तरी पट्टी आपली सांगते आहे, "आहे, आहे."

दुसरा राखणदार म्हणजे ज्योतीतच धरलेली धातूची सळई. ज्योतीतून वीज थोडीशी वाहते, या गुणाचा तो उपयोग. पण सळईवर काजळी चढून ती बर्नरला टेकली, तर ज्योतीवाचूनही वीज वाहणार. त्यावर उपाय निघाला तो असा, की ज्योत एका दिशेने अधिक आणि उलट दिशेने कमी वीज जाऊ देते, तेव्हा तसा एकतर्फी प्रवाह असेल तरच ज्योत मानायची. तिसरा राखणदार प्रकाश पाहणारा फोटोसेल. त्याची अडचण अशी, की लाल झालेली वीटही प्रकाशच देते.

वाचकांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. या साऱ्या राखणदारांचा दोष एकच. ज्योत नसताना ते "आहे" म्हणत.

वीट आणि ज्योत यांतला भेद ओळखायचा कसा? याचे उत्तर फार जुन्या शोधांत दडलेले होते. १८०१ साली जर्मनीत रिटर या शास्त्रज्ञाला असे दिसले, की जांभळ्या रंगापलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथेही चांदीचा क्षार काळा पडतो. हेच अतिनील किरण. आपल्या विश्वकोशाने त्यांना जंबुपार असे छान नाव दिले आहे. पुढे १८८७ साली कार्ल्सरूह येथे हर्ट्झ विद्युत्‌लहरींचे प्रयोग करीत असता, दुसऱ्या एका ठिणगीचा उजेड आड केला की आपली ठिणगी आखूड होते, असे त्याला आढळले. मध्ये काच धरली तरी तोच परिणाम. स्फटिक, म्हणजे क्वार्ट्‌झ, धरला तर मात्र काही फरक नाही. अतिनील किरण धातूतून विजेचे कण उडवून लावतात, या घटनेची ती पहिली चाहूल. तिचा उलगडा १९०५ साली आइन्स्टाइनने केला. १९२८ मध्ये गायगर आणि म्यूलर यांनी किरणोत्सर्ग मोजणारी नळी तयार केली, आणि तिच्याच नात्यातली नळी पुढे बर्नरवर आली. क्वार्ट्‌झच्या कुपीत थोडासा वायू, दोन धातूंचे ध्रुव आणि त्यांवर मोठा विद्युत्‌दाब. अतिनील प्रकाशाचा एक कण धातूवर आदळला की विजेचा एक कण सुटतो. तो वायूतून धावताना आणखी कण सोडवतो, आणि क्षणभर नळीत ठिणगी पडते. अशा ठिणग्यांची माळ म्हणजे ज्योत.

या नळीला साधारण १८५ ते २६० नॅनोमीटर लांबीच्या लहरी तेवढ्या दिसतात. तापलेल्या विटेतून त्या जवळजवळ निघत नाहीत. सूर्याच्या प्रकाशातल्या तसल्या लहरी वातावरणातील ओझोन वरच्यावर अडवतो. म्हणून आमच्या परभणीचे मे महिन्याचे ऊन, ज्यापुढे माणसाचे डोळे दिपतात, ते या नळीच्या लेखी काळोख असते. त्याच काळोखात काडेपेटीची एक काडी ओढा, ती तिला लगेच दिसते.

बसवणे मात्र वाटते तितके सोपे नाही. नळीची नजर ज्योतीच्या मुळाकडे असावी, आणि त्याच रेषेत पायलट, म्हणजे आजीचे ते धाकटे निरांजन, हेही यावे. पायलट इतका लहान करून पाहायचा, की मोठी ज्योत त्याच्याने पेटेनाशी होईल. तेवढा पायलट नळीला दिसत असेल, तर तिची जागा चुकली. पेटवणीची ठिणगी तिला दिसता कामा नये, तीही अतिनीलच. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर तेही ज्योत म्हणून खपते. उलट, तेलाचे धुके किंवा कोळशाची भुकटी आड आली, तर खरी ज्योतही दिसत नाही. म्हणून कोळशाच्या ज्योतीसाठी तिचे लुकलुकणे ओळखणारे वेगळे यंत्र लागते.

आणि या चौथ्या राखणदारालाही तो जुना रोग होताच. नळी म्हातारी झाली की कधी कधी प्रकाश नसतानाही तिच्यात ठिणग्या पडत राहतात. बर्नर रोज बंद होऊन पुन्हा पेटत असेल, तर हे उघडकीस येते. कारण पेटण्याआधीच "आहे" म्हणणाऱ्या नळीला नियंत्रकपेटी दाद देत नाही. पण बर्नर दिवसरात्र चालू असेल तर?

१९८६ च्या हिवाळ्यात, सरकीच्या हंगामात, जिल्ह्यातल्या एका तेलगिरणीत मी महिन्याच्या तपासणीला गेलो होतो. बर्नर तीन आठवडे अखंड चालू होता. तपासणीचा नियम असा, की नळी काढून तिच्यावर टोपण घालायचे. चार सेकंदांत तेल बंद झाले पाहिजे. मग हाताने तेल तोडूनही पाहायचे. पण त्यात वाफ जाते आणि काम खोळंबते. व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, आज नको. माल अडलाय." मी पेटीवरचा दिवा पाहिला, मोजमापाचा काटा पाहिला. दोन्ही ठणठणीत. मी कागदावर 'ठीक' असे लिहिले आणि सही केली.

चौथ्या दिवशी पहाटे तेलात पाणी आले आणि ज्योत गेली. नळी "आहे" म्हणत राहिली. भट्टीचे पुढचे दार उडाले, आणि तिथे उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या मदतनिसाचे दोन्ही हात आणि अर्धा चेहरा भाजला. तो वाचला. पण ती नळी मी टोपण घालून पाहिली असती तर तिचे खोटे त्याच दिवशी पकडले जाते, हे त्याच्या खाटेशी बसलेल्या त्याच्या आईला सांगण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही. ते पुढच्या खेपेस सांगितले. तिने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मग आता कोण बघतं?"

अखंड चालणाऱ्या बर्नरसाठी यावर उपाय निघालेला होता. त्या गिरणीत तो नव्हता, इतकेच. नळीपुढे एक लहानशी झडप असते. ती दर काही सेकंदांनी पापणीसारखी मिटते. पापणी मिटली की नळीने "नाही" म्हटलेच पाहिजे. न म्हटले तर पेटी तेल तोडते. राखणदारावरचा हा राखणदार. अपघातानंतर तो त्या गिरणीत मी स्वतः बसवला. तरीही महिन्याला एकदा तेल तोडून पाहणे काही सुटत नाही, कारण झडप आणि पेटी हीदेखील माणसाच्याच हातची.

तो मदतनीस पुढे बॉयलरची परीक्षा देऊन प्रमाणपत्रधारक झाला. मी निवृत्त होईपर्यंत आमची गाठ महिन्याला पडे. तपासणीच्या दिवशी तो कोणालाही हात लावू देत नसे. हंगाम असो, माल अडलेला असो, तो स्वतः तेलाची तोटी फिरवी आणि सेकंद मोजी, "एक... दोन..." पेटीतून खट्‌कन आवाज होई, घंटा वाजे, आणि तो सगळ्या बॉयलरघराला ऐकू जाईल असा ओरडे:

"विझली!"

घरी हा शब्द अशुभ. तिथे मात्र तो ऐकला की आम्ही सगळे मोकळा श्वास घेत असू.