मलेरियाची ‘संपूर्ण परजीवी’ लस : अँटिबॉडी वाढल्या म्हणजे संरक्षण मिळाले का?

“पुण्यात मलेरियाची लस बनते, मग वाशिमला का मिळत नाही?” पावसाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या ‘आर २१’ लसीची जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केली. ती प्रामुख्याने आफ्रिकेतील लहान मुलांना दिली जाते. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात मलेरियाची लस अजून नाही.

‘आर २१’ मध्ये परजीवीच्या एकाच प्रथिनाचा तुकडा असतो. दुसऱ्या प्रकारच्या लसीत अख्खा परजीवी असतो. डासाच्या लाळग्रंथीतून काढलेले फाल्सिपेरम जातीचे स्पोरोझोइट किरणोत्साराने दुबळे करतात. ते यकृताच्या पेशीत शिरतात, पण तिथे वाढ पूर्ण करू शकत नाहीत. रक्तात उतरत नाहीत, त्यामुळे मलेरिया होत नाही.

ही लस त्वचेत टोचली तेव्हा अँटिबॉडी कमी तयार झाल्या आणि संरक्षणही फारसे मिळाले नाही. मग ती थेट शिरेतून दिली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत सर्वाधिक मात्रेचे पाच डोस घेतलेले सहाही स्वयंसेवक संसर्गापासून वाचले. सहा म्हणजे फार थोडे, हे विसरू नका.

अँटिबॉडी स्पोरोझोइटला चिकटून त्याला यकृतात शिरण्यापासून अडवतात. जे तरीही शिरतात, त्या पेशी यकृतातल्या टी-पेशींना माराव्या लागतात आणि त्या हातातून काढलेल्या रक्तात मोजता येत नाहीत. काही स्वयंसेवकांत वर्षभर टिकलेले संरक्षण केवळ अँटिबॉडींवरून समजावता येत नाही. आणखी एक गोष्ट, जी मला महत्त्वाची वाटते : मालीमध्ये, जिथे मलेरिया नेहमीचाच आहे, प्रौढांत या लसीने अमेरिकेतील लोकांपेक्षा बऱ्याच कमी अँटिबॉडी तयार झाल्या. म्हणून एका देशाचा निकाल दुसरीकडे जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय ही लस द्रव नायट्रोजनच्या थंडीत साठवावी लागते; ग्रामीण दवाखान्यात ते सोपे नाही.

तुमच्या हाती सध्या काय आहे? थंडी वाजून ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे लगेच रक्त तपासून घ्या. त्यांच्याकडील झटपट किट परजीवीची प्रथिने शोधते, अँटिबॉडी नाही. अँटिबॉडी जुन्या संसर्गाच्याही असू शकतात, त्यावरून आजच्या तापाचे निदान करू नये. व्हायवॅक्स निघाला आणि डॉक्टरांनी १४ दिवस प्रायमाक्विन दिले, तर ताप उतरला म्हणून मध्येच थांबवू नका. गर्भवतींनी मात्र ते घेऊ नये. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.