बोआ मादीची प्रजननयोग्यता

बोआ मादीची प्रजननयोग्यता : पाळीव बोआ मादी नरासोबत सोडण्याजोगी झाली आहे की नाही, याचा तिचे वय, आकारमान, अंगाची भरण, आरोग्य आणि अंडाशयातील पुटकांची (बीजे ज्यांत वाढतात त्या पिशव्यांची) वाढ यांवरून केलेला अंदाज. घरोघरी पाळला जातो तो बहुधा मेक्सिको, मध्य अमेरिका व वायव्य कोलंबियाकडचा बोआ इंपरेटर. लिनीअसने १७५८ मध्ये नोंदवलेला बोआ कन्स्ट्रिक्टर हा त्याचा दक्षिण अमेरिकेतील थोराड नातलग. दोघांना बराच काळ एकाच जातीत धरले जाई.

भारतीय अजगराची मादी अंडी घालते आणि त्यांभोवती वेटोळे करून बसते. बोआची अंडी मादीच्या पोटातच राहतात आणि पिल्ले जिवंत जन्मतात. बीजमोचनापासून प्रसूतीपर्यंत चार महिन्यांहून अधिक काळ जातो आणि या काळात बऱ्याच माद्या अन्नाला तोंडही लावत नाहीत. पिल्लांच्या अंड्यातील बलकापासून स्वतःच्या श्वासापर्यंत सारा खर्च आधी साठवलेल्या मेदातून आणि स्नायूंतून चालतो. त्यामुळे मादी किती मोठी आहे यापेक्षा तिच्याजवळ शिल्लक किती आहे, हे पाहावे लागते.

नर दीड-दोन वर्षांत कामाला येतो. मादीला त्याच्या दुप्पट वेळ द्यावा, असा जाणत्यांचा रिवाज आहे. इंपरेटर मादीसाठी साधारण चार वर्षे वय, पावणेदोन-दोन मीटर लांबी आणि चार-पाच किलो वजन हा ढोबळ हिशेब वापरला जातो. तो सर्वांना लागू नाही. होंडुरासजवळच्या कायोस कोचिनोस बेटांवरचे बोआ मुळातच ठेंगणे. त्यांची पूर्ण वाढलेली मादी या काट्यावर कधीच उतरणार नाही. उलट, दर आठवड्याला मोठा उंदीर चारून दोन वर्षांतच चार किलोंची केलेली मादी काट्यावर पास होते, पण प्रसूतीला कच्ची ठरू शकते. घाईने चढवलेले वजन बहुतांशी चरबीचे असते. प्रजननासाठी विकल्या जाणाऱ्या तरुण माद्यांच्या वजनाची जाहिरात वाचताना हे विसरू नये.

अंगाची भरण हातांनी व डोळ्यांनी तपासतात. सुदृढ मादीचा कणा वर उठून दिसत नाही, बाजू स्नायूंनी भरलेल्या असतात आणि हातावर घेतल्यावर ती घट्ट पकड धरते. अंग वळवले की शेपटीच्या मुळाशी मऊ घड्या पडत असतील, भुकेल्या पोटीही खवल्यांमधली त्वचा ताणून दिसत असेल, तर मादी स्थूल आहे. स्थूल मादीत निषेचन न झालेल्या बीजांचे पिवळे गोळे आणि मृत पिल्ले यांचे प्रमाण वाढते, असा अनेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

आरोग्याची तपासणी जोडी लावण्याआधीच व्हायला हवी. गोचीड, तोंडातील सूज, श्वास घेताना होणारा आवाज यांपैकी काहीही आढळले तर तो हंगाम सोडून द्यावा. बोआंमध्ये सर्वांत धास्ती आहे ती पेशींत विषाणूजन्य पिंड साठवणाऱ्या असाध्य रोगाची. तो रेप्टारेनाव्हायरसांमुळे होतो, बाधित साप कित्येक महिने धडधाकट दिसू शकतो आणि संसर्ग आईकडून पिल्लांकडे जातो. रक्ततपासणीशिवाय आणलेला उसना नर म्हणजे स्वस्तातला मोठा धोका.

हंगामाची चाहूल थंडीने लागते. दिवस लहान केला जातो आणि रात्रीचे तापमान काही आठवडे २२-२४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवले जाते. दिवसा ऊब घेण्याची जागा मात्र ३१-३२ अंशांवर ठेवतात. अशक्त मादीला हा गारठा सोसत नाही, फुप्फुसाचा संसर्ग होतो. याच सुमारास पुटके वाढू लागतात. मादी हलकेच बोटांवरून सरकू दिली तर अनुभवी हाताला ही पुटके पोटात गोट्यांसारखी लागतात. दाबून शोधणे धोक्याचे, सोनोग्राफी कधीही बरी. बीजमोचनाच्या वेळी मादीचा मधला-मागचा भाग नुकतीच मोठी शिकार गिळल्यासारखा फुगतो आणि दिवसभरात ओसरतो. हा दिवस हुकला तरी साधारण दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते, आणि त्या कातीपासून १०० ते १२० दिवसांत पिल्ले येतात. म्हणून कातीची तारीख लिहून ठेवण्याची सवय उपयोगी पडते.

पाळणाऱ्याचा अंदाज काहीही असो, शेवटचा शब्द मादीचाच. पुटके वाढलीच नाहीत तर नर महिनाभर सोबत ठेवूनही काही होत नाही. वाढलेली पुटके ती पुन्हा शोषूनही घेते. क्वचित नराचीही गरज उरत नाही. संशोधक वॉरेन बूथ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात एका मादीने बापाविना दोन विणींत २२ पिल्ले दिल्याचे दिसले. सगळ्या माद्याच होत्या. त्या काळी सापांच्या लिंगनिश्चितीत डब्ल्यू-झेड ही गुणसूत्रे गृहीत धरत, त्यामुळे या माद्यांत डब्ल्यूची जोडी असावी असे मानले गेले. २०१७ मध्ये बोआत प्रत्यक्षात एक्स-वाय पद्धत असल्याचे उघड झाले आणि सगळ्या माद्याच का, हे कोडे सोपे झाले: आईकडे केवळ एक्सच असतात.

एका विणीत बहुधा २०-३० पिल्ले होतात, पन्नासहूनही अधिक होऊ शकतात. प्रत्येकाला वेगळी पेटी आणि वेगळे भक्ष्य लागते. त्यांची सोय आधी नसेल तर मादी कितीही सुदृढ असो, जोडी लावू नये. सोय नसलेली पिल्ले बाहेर सुटण्याची भीती असते; पाळणाऱ्यांच्या हातून सुटलेल्या बोआंनी अरुबा बेटावर केव्हाच बस्तान बसवले आहे. प्रसूतीनंतर मादी हाडाला लागलेली असते. तिला लहान भक्ष्य देत सावकाश सावरावे लागते, आणि पुढची वीण किमान एक हंगाम सोडूनच घेतात.

भारतात बोआ हा साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करार) यादीतील परदेशी प्राणी असल्याने २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत आला. २०२४ च्या नियमांनुसार मालकीबरोबर जन्माचीही नोंद सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. महाराष्ट्रात अंधश्रद्धेपायी तस्करी होणारे मांडूळ हाही बोआच्या कुळाजवळचा, पिल्ले देणारा साप. मात्र तो देशी वन्यजीव असल्याने त्याला पाळणे वा त्याची पैदास करणे हा गुन्हा आहे.