परळची उमेदवारी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्या पार्ल्याच्या धर्मग्रामातील एखादी विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी रविवारची मिस्सा संपल्यावर दाराशी रेंगाळतो. काही विचारायचे असते. परळच्या टाटा रुग्णालयात, किंवा खारघरच्या संशोधन केंद्रात, दोन महिन्यांच्या उमेदवारीसाठी अर्ज केलेला असतो आणि आमचे शिफारसपत्र हवे असते. आम्ही ते आनंदाने देतो, जरी कर्करोगाच्या प्रयोगशाळेला धर्मगुरूच्या पत्राचा नेमका काय उपयोग होतो हे आम्हांला आजवर उमगलेले नाही. पार्ल्यात विज्ञान शिकणाऱ्या मुलांची वाण नाही. १९५९ साली पार्ले कॉलेज म्हणून सुरू झालेले साठ्ये महाविद्यालय, १९६१ चे मिठीबाई, आणि २०१५ पासून कूपर रुग्णालयाला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय ही सारी हाकेच्या अंतरावर आहेत. मुले इंग्रजीत ‘इंटर्नशिप’ म्हणतात. आम्हांला मात्र उमेदवारी हा आपला जुना शब्दच अधिक नेमका वाटतो, कारण सुताराच्या किंवा सोनाराच्या हाताखाली बसून शिकणाऱ्याला आपल्या गावठाणांत उमेदवारच म्हणत असत.

पार्ल्याहून लोकलने निघून, २०१८ सालापर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हटल्या जाणाऱ्या प्रभादेवी स्थानकावर उतरून ही मुले परळला पोहोचतात. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. हे गोमंतकीय शल्यचिकित्सक टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करीत. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९६९ साली ते निवर्तले. बाहेरगावच्या रुग्णांसाठी बांद्र्याला त्यांच्या स्मरणार्थ निवासगृह आहे. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून रोज हजारो माणसे जातात, पदपथावर खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबे पथाऱ्या टाकून बसलेली असतात, पण बोर्जेस कोण हे विचारल्यास आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

रुग्णालयाचा जन्म एका पत्नीच्या मृत्यूतून झाला. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून उभारलेले रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेथील प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली, आणि परळच्या उमेदवारीचा इतिहास आमच्या मते येथूनच सुरू होतो. खानोलकर विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशीकडे पाहताना त्या पेशीचा मालक काय खातो, काय चघळतो, कमरेला काय बांधतो, याचीही ते चौकशी करीत. १९४५ साली सूर्याबाई यांच्यासमवेत लिहिलेल्या निबंधात त्यांनी धोतराची घट्ट गाठ वर्षानुवर्षे जेथे कातडीला घासते तेथे होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. रोग माणसाच्या सवयींत शोधायचा, ही शिकवण त्यांनी हाताखालच्या तरुणांना दिली.

त्या तरुणांत कमल समर्थ होत्या, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे. १९१७ साली पुण्यात त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर अभ्यास करून १९४३ साली त्यांनी एम. एस्सी. केले. आज एखाद्या विद्यार्थिनीने सीताफळाच्या पदवीवर कर्करोग संशोधनाला अर्ज केला, तर तो पहिल्याच चाळणीत गळावा! खानोलकरांनी मात्र त्यांना घेतले. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवल्यावर गुरूंच्याच आग्रहाने त्या अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचपात्रात पेशी जिवंत ठेवण्याची विद्या तेथे शिकून त्या परतल्या. १९५२ साली परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले आणि तेथे त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे ‘टिश्यू कल्चर’ची, देशातील पहिली प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्यांनी फार लवकर ओळखला. त्यांच्या हाताखालून पुढे शास्त्रज्ञांची एक फळीच बाहेर पडली. १९७३ साली भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन करण्यात त्या पुढे होत्या, १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २००१ साली त्यांचे देहावसान झाले.

डॉ. गाय यांच्या त्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी वाढू लागल्या. त्याच वर्षी ती मरण पावली, पण तिच्या पेशी आजही जगभर प्रयोगशाळांतून वाढत आहेत. त्या घेताना तिला कोणी विचारले नव्हते. त्या काळी विचारण्याची रीतच नव्हती, असे म्हणतात. रीत नव्हती हे खरे, पण विचार अगदीच नव्हता असे नाही. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग संहितेने माणसाची स्वखुशीची संमती हा पहिला नियम ठरवला होता. आणि १४ सप्टेंबर १९५२ रोजी, म्हणजे परळचे संशोधन केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी रोम येथे वैद्यकीय परिषदेपुढे हाच विषय मांडला. रुग्ण जेवढा अधिकार देतो त्याहून अधिक अधिकार डॉक्टरला नाही, आणि रुग्णही आपल्या देहाचा मालक नसून कारभारी आहे, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. विज्ञानाचे हित किंवा समाजाचे हित हेही त्यापुढे सर्वश्रेष्ठ ठरत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. सेमिनरीत आम्ही हे भाषण परीक्षेपुरते वाचले. त्याचा अर्थ आम्हांला परळने शिकवला.

१९५७ साली रुग्णालय सरकारकडे आले, १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे, आणि १९६६ साली रुग्णालय व संशोधन केंद्र एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. प्रयोगशाळेतील पेशीवरून खाटेवरच्या माणसाकडे संशोधनाची वाट आता सरळ झाली. ज्याला सारे ‘ट्रायल’ म्हणतात ते हेच. दोन उपचारांपैकी कोणता बरा हे ठाऊक नसते, तेव्हा रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे आणि वर्षानुवर्षे दोहोंचा पाठपुरावा करायचा. चिठ्ठी डॉक्टरच्या मर्जीवर नसते, हे यातील मर्म. तोंडाच्या कर्करोगात मानेत गाठ लागत नसेल, तर मानेतील ग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा जुना वाद होता. २००४ साली डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी ट्रायल सुरू केली. २०१५ साली निष्कर्ष जाहीर झाले. ५०० रुग्णांच्या हिशेबात, ग्रंथी आधी काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. यात नवे महागडे औषध नव्हते. कोठल्या कंपनीला यात पैसा लावावासा वाटला असता?

आता ज्या ट्रायलने आम्हांला अस्वस्थ केले तिच्याकडे वळतो. १९९८ साली टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास आरंभला. वस्त्यांचे वीस गट पाडले. दहांमध्ये दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी होई. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. ही तपासणी डॉक्टरांनी केली नाही, तर दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी केली. उमेदवारीचा याहून मोठा सन्मान आम्हांला माहीत नाही. २०१३ साली निष्कर्ष आला, तपासणीच्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी तो जगापुढे मांडला.

पण उरलेल्या दहा गटांचे काय? तेथील स्त्रियांना रोगाची माहिती दिली गेली, तपासणी मात्र नव्हती. अन्यत्र पॅप चाचणी उपलब्ध आहे हे त्यांना पुरेसे सांगितले होते का, असा आक्षेप परदेशातून घेतला गेला. सरकारी व्यवस्थेत त्यांना तशीही तपासणी मिळत नव्हती, तेव्हा आपण काही काढून घेतले नाही, असे संशोधकांचे उत्तर होते. दोन्ही बाजू आम्ही अनेकदा तोलल्या. आमचे मत असे की, प्रश्न विचारण्यास हरकत नव्हती, कारण उत्तर खरोखरच ठाऊक नव्हते. परंतु दरिद्री वस्तीत ‘एरवीही काही मिळत नव्हते’ हा युक्तिवाद फार सुलभ असतो आणि म्हणूनच तो जपून वापरावा. निष्कर्षानंतर त्या गटातील स्त्रियांनाही तपासणी देऊ केली गेली, हे नमूद करणे न्यायाचे होईल. मधल्या पंधरा वर्षांत गेलेल्यांना मात्र तिचा उपयोग नव्हता.

नियम पुढे कडक झाले. २००९ पासून प्रत्येक ट्रायलची सार्वजनिक नोंदणी सक्तीची झाली आणि २०१९ साली नवे नियम आले. प्रत्येक ट्रायल आधी नैतिक समितीपुढे जाते. या समितीत सर्वसामान्य नागरिक हवा, कायदेतज्ज्ञ हवा, आणि समाजशास्त्रज्ञ वा तत्त्वचिंतक यांच्या जागी ईश्वरविज्ञानाचा अभ्यासकही चालतो. आमच्या धर्मगुरुबंधूंपैकी तरुणांनी ही ओळ जरूर वाचावी. सेमिनरीत शिकलेले नीतिशास्त्र रविवारच्या प्रवचनापलीकडे कोठे उपयोगी पडते हे त्यांना कळेल.

आमचे उमेदवार तेथे काय करतात? मोठे काही नाही. अर्ज तपासायचे, तारखा जुळतात का पाहायच्या, रक्ताच्या नळ्या वेळेत पोहोचवायच्या, पाठपुराव्यासाठी दूरध्वनी करायचे. संमतीपत्र मराठीत असते खरे, पण ते मराठी आमच्यासारख्यांनाही दोनदा वाचावे लागते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तटस्थ साक्षीदारासमक्ष ते वाचून दाखवायचे आणि मग अंगठा घ्यायचा. डॉक्टर समजावून सांगतात. पण डॉक्टर निघून गेले की आजी बाजूला उभ्या मुलीलाच विचारते, ‘पोरी, ही सही केली नाही तर मला औषध देणार नाहीत का?’ देतील, नाही म्हणण्याचा तुम्हांला हक्क आहे, हे उत्तर त्या वेळी कोणत्या स्वरात दिले जाते यावर त्या अंगठ्याची किंमत ठरते.

अलीकडे आमच्या धर्मग्रामातील एक विद्यार्थिनी अशी उमेदवारी संपवून आली. पाठपुराव्याच्या यादीत पालघरकडची एक आजी होती. दूरध्वनी केला की प्रश्नांची उत्तरे देण्याआधी ती ‘जेवलीस का?’ म्हणून विचारी. एके दिवशी दूरध्वनी मुलाने घेतला. विद्यार्थिनीने अर्जातील ठरलेल्या रकान्यात तारीख लिहिली, वरिष्ठांना कळवले आणि पुढचा क्रमांक लावला. नियमाप्रमाणे सारे बरोबर झाले. शनिवारी संध्याकाळी ती कार्यालयात आली आणि आजीसाठी मिस्सा मागितली. आम्ही नोंदवही उघडून नाव विचारले.

‘नाव सांगता येत नाही, फादर,’ ती म्हणाली. ‘रुग्णाचे नाव बाहेर सांगायचे नसते. नावाशिवाय मिस्सा होते का?’

होते, असे आम्ही म्हणालो, आणि शुक्रवारच्या सकाळच्या रकान्यात ‘एका आजीसाठी’ एवढेच लिहिले.