मक्याचा आलेख आणि पऱ्हाटीचे शेत

व्यवस्थापन किंवा वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर वर्गांना अनेक विद्यापीठांत आता 'उद्योजकता आणि नवोपक्रम व्यवस्थापन' असा विषय असतो. यवतमाळच्या एखाद्या विद्यार्थ्याने तो घेतला, तर त्याच्या वाचनात येणारी उदाहरणे बहुधा संगणकाची, मोबाइलची, कॅलिफोर्नियातल्या गॅरेजमध्ये सुरू झालेल्या कंपन्यांची असतात. आपल्या काळ्या मातीशी आणि कापसाशी या विषयाचा काही संबंध नाही, असे त्याला वाटले तर नवल नाही. प्रत्यक्षात या अभ्यासाची एक मोठी शाखा शेतातच उगवली, तीही बियाण्याच्या थैलीतून. तिच्या मुळाशी एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचाच प्रबंध आहे.

त्याआधी दोन शब्द उद्योजकाविषयी. जोसेफ शुंपेटर या अर्थशास्त्रज्ञाने १९११ साली जर्मन भाषेत लिहिलेल्या ग्रंथात उद्योजक आणि व्यवस्थापक यांत फरक केला. चालू धंदा नीट चालवतो तो व्यवस्थापक. उद्योजक हा नवी जुळणी करणारा. नवी वस्तू, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत, धंद्याची नवी घडी, यांपैकी काहीतरी तो प्रथम व्यवहारात आणतो. शोध लावणे वेगळे आणि तो व्यवहारात आणणे वेगळे, हे शुंपेटरने ठासून सांगितले. पण व्यवहारात आणलेली गोष्ट लोक स्वीकारतात कशी? हे पाहायला कुणीतरी लोकांच्या दारात जायला हवे होते.

ते काम अमेरिकेतील आयोवा राज्यात झाले. तेथे १९२८ च्या सुमारास मक्याचे संकरित बियाणे विक्रीला आले. उत्पन्न सुमारे २० टक्क्यांनी अधिक, पण एक अट होती. संकरित पिकाचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर उत्पन्न घटते. मेंडेलचे नियम शिकवताना आपण दुसऱ्या पिढीत गुणधर्म विलग होतात असे सांगतो, तेच हे. घरचे बियाणे राखण्याची रीत मोडून शेतकऱ्याला दरवर्षी दुकान गाठावे लागणार होते. तरीही बियाणे पसरले. का आणि कसे, हे शोधण्यासाठी १९४१ मध्ये समाजशास्त्राचे अध्यापक ब्राइस रायन यांनी नील ग्रॉस या शहरी वळणाच्या विद्यार्थ्याला दोन गावांत पाठवले. त्याने ३४५ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. १९४२ मध्ये त्याचा प्रबंध झाला आणि १९४३ मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष आजही वाचण्यासारखे आहेत. विश्लेषणात घेतलेल्या २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सर्वांनी १९४१ पर्यंत नवे बियाणे स्वीकारले होते. पहिल्या पाच वर्षांत जेमतेम १० टक्के, पुढच्या तीन वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत, असा आलेख आधी रांगत, मग झपाट्याने चढत आणि शेवटी सपाट होत गेला. इंग्रजी 'एस' अक्षराला जरा ताणले की जशी आकृती होते, तशी. बियाण्याविषयी पहिल्यांदा ऐकण्यापासून ते पेरण्यापर्यंत सरासरी नऊ वर्षे गेली. बहुतेकांना पहिली बातमी दिली विक्रेत्याने, पण मन वळवले ते शेजाऱ्याच्या शेताने. कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर तासभर बसलेल्या कुणालाही हे नवे वाटणार नाही.

पुढे १९५७ मध्ये झ्वी ग्रिलिखेस या अर्थशास्त्रज्ञाने याच मक्यावर लिहिताना दाखवले की, वेग ठरतो नफ्यावर. जिथे बाजार मोठा तिथे बियाणे कंपन्या आधी पोहोचल्या आणि जिथे फायदा अधिक तिथे शेतकऱ्यांनी लवकर स्वीकारले. १९६२ मध्ये एव्हरेट रॉजर्स यांचे नवोपक्रमांच्या प्रसारावरील पुस्तक आले. ते स्वतः आयोवातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव. त्यांच्या वडिलांनी संकरित मका नाकारला होता आणि १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचे पीक उभे असताना त्यांचे सुकले. रॉजर्स यांनी स्वीकारणाऱ्यांचे पाच गट पाडले. अगदी पहिले अडीच टक्के 'नवप्रवर्तक' आणि अगदी शेवटचे १६ टक्के 'मागे रेंगाळणारे'. मोबाइल विकणाऱ्या कंपन्या आजही हीच पाच नावे वापरतात.

आता आपल्याकडे वळू. भारतातही बियाण्याच्या धंद्याला शुंपेटरच्या अर्थाने उद्योजक मिळाले. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले हे त्यांतले ठळक नाव. दिल्लीच्या संशोधन संस्थेने काढलेल्या 'पुसा सावनी' भेंडीच्या बियाण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि १९६४ मध्ये 'महिको' ही कंपनी काढली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. कापसात १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातला पहिला संकरित कापूस काढला. फुलातले पुंकेसर हाताने काढायचे आणि दुसऱ्या झाडाचे पराग हातानेच लावायचे, असे हे काम. मजुरी स्वस्त असलेल्या देशातच ते परवडत होते. त्यामुळे हा नवोपक्रम मजुरांच्या बोटांवरही उभा होता, हे पुस्तकात क्वचित सापडते.

२६ मार्च २००२ रोजी महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना केंद्राची मान्यता मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसात घातलेले, त्यामुळे बोंडअळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार होते. ४५० ग्रॅमची थैली सुरुवातीला सुमारे १६०० रुपयांना होती. यवतमाळसह विदर्भात पऱ्हाटीची शेते बारा-तेरा वर्षांत जवळजवळ सगळी बीटीखाली गेली. आयोवाचा आलेखच जणू पुन्हा काढला.

आलेख इतका सुबक की तिथेच थांबण्याचा मोह होतो. विद्यार्थ्याने मात्र थांबू नये असे आम्हाला वाटते, कारण गेल्या वीस वर्षांतले संशोधन इथूनच रंगतदार होते. ग्लेन स्टोन या मानववंशशास्त्रज्ञाने तेलंगणातल्या वरंगळ जिल्ह्यात, म्हणजे आपल्यासारख्याच कापसाच्या मुलखात, शेतकरी वाण कसे निवडतात ते पाहिले. २००७ च्या निबंधात त्याने लिहिले की, गावोगावी वाणांच्या लाटा येतात, एका हंगामात सारे गाव एक थैली घेते आणि पुढच्या हंगामात दुसरी. प्रयोग करून शिकण्याआधीच नाव बदलते. शेजाऱ्याकडे पाहून शिकायचे, तर शेजारीही आपल्याकडेच पाहत असतो! ग्रिलिखेसचा हिशेबी शेतकरी इथे पुरा पडत नाही.

दुसरा वाद फायद्याचा. कठागे आणि कैम यांनी २०१२ मध्ये २००२ ते २००८ या काळातील कुटुंबांची आकडेवारी मांडली. बीटीमुळे एकरी उत्पन्न २४ टक्के आणि कापसाचा नफा ५० टक्के वाढला, असा त्यांचा निष्कर्ष. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी स्टोन यांच्यासह २०२० मध्ये वीस वर्षांचे आकडे तपासले. त्यांच्या मते उत्पन्नवाढीचे श्रेय मुख्यतः खते आणि अन्य गोष्टींकडे जाते आणि शेतकऱ्यांचा कीटकनाशकांवरचा खर्च बीटीपूर्वीपेक्षाही वाढला आहे. दोन्ही निबंध नामांकित नियतकालिकांतले. फरक पद्धतीचा आहे, पण काळाचाही आहे. २००८ ला पाहणी थांबवली तर एक गोष्ट दिसते, २०१८ ला थांबवली तर दुसरी.

मधल्या दहा वर्षांत शेंदरी बोंडअळीने आपले उत्तर दिले होते. बीटीच्या शेताभोवती बिगरबीटी कापसाच्या ओळी लावायच्या, म्हणजे विषाची सवय नसलेल्या अळ्याही जगतील आणि प्रतिकारक अळ्यांची संतती पातळ होईल, अशी योजना होती. त्यासाठी प्रत्येक थैलीबरोबर १२० ग्रॅम वेगळे बियाणे मिळत असे. दोन-चार एकरांच्या शेतात त्या ओळींसाठी जागा सोडणे कुणाला परवडणार? शिवाय आपले संकरित वाण लांब मुदतीचे, त्यामुळे अळीला थंडीतही खाणे मिळत राहिले. २०१० मध्ये गुजरातेतून पहिल्या बीटीला न जुमानणाऱ्या अळीची कबुली आली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रभर दोन जनुकांच्या कापसातही बोंडे किडली.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे दगावली आणि शेकडो जण रुग्णालयात गेले. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, औषधांची मिश्रणे वापरली जात होती. मृतांत शेतकरी होते तसे रोजाने फवारायला गेलेले मजूरही होते.

मजुरांची ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण आयोवाच्या त्या पाहणीतला एक बारीक तपशील तिच्याजवळ जाऊन बसतो. ग्रॉसने मुलाखती घेतल्या ३४५ आणि विश्लेषण केले २५९ चे. वगळलेल्यांत ७४ जण बियाणे पसरू लागल्यानंतर शेतीत आलेले होते आणि १२ जणांची जमीन २० एकरांहून कमी होती. आयोवात ही सवलत क्षम्य. तीच चाळणी यवतमाळला लावली तर बहुसंख्य शेतकरी खाली गळून पडतील. ज्याच्या नावावर जमीनच नाही, तो तर चाळणीत येतच नाही. बियाणे त्याने निवडलेले नसते, स्वीकारलेले किंवा नाकारलेलेही नसते. रॉजर्सच्या पाच गटांत त्याला जागा नाही.

रॉजर्स यांनी स्वतः पुढच्या आवृत्त्यांत या अभ्यासाच्या एका खोडीवर बोट ठेवले. नवे ते चांगलेच, सर्वांनी ते स्वीकारावेच, असे संशोधक गृहीत धरतात आणि नाकारणाऱ्याला दोष देतात. 'मागे रेंगाळणारे' हे नावच त्या खोडीतून आले आहे. २००५ साली बीटी न घेणारा यवतमाळचा कोरडवाहू शेतकरी अडाणी होता की सावध, हे त्या वर्षीच्या आलेखावरून सांगता येत नाही.

अकरावी-बारावीच्या किंवा पदवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आपल्या गावात अशी पाहणी करता येईल. ग्रॉसची प्रश्नावली साधीच होती: नवे बियाणे प्रथम कधी ऐकले, कुणाकडून ऐकले, पहिल्या वर्षी किती जागेत पेरले, सगळी जमीन त्याखाली कधी आणली. आम्ही तिच्यात आणखी तीन प्रश्न घालू. कोणते वाण सोडले आणि कोणत्या वर्षी? फवारणी कोण करतो? आणि तिसरा प्रश्न फवारणाऱ्यालाच विचारायचा, की थैली घेताना त्याला कुणी काही विचारले होते का?